विश्लेषण : हाती व्हायोलिन दिलं की मुलं वाममार्गाला लागत नाहीत? व्हेनेझुएलाच्या 'एल सिस्तेमा'चं खरं काय?

१३ नोव्हेंबर २०२१. व्हेनेझुएलाची राजधानी काराकासमध्ये लष्करी अकादमीच्या मैदानावर हजारो मुलंमुली व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट घेऊन बसली आणि त्यांनी चायकोव्हस्कीची एक रचना एकत्र वाजवली. मोजणीत ८,५७३ वादक भरले आणि जगातल्या सर्वांत मोठ्या ऑर्केस्ट्राचा गिनेस विक्रम झाला. त्या वेळी देशातल्या किमान वेतनात महिन्याचा किराणाही येत नव्हता.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताने समाज बदलतो, असं कुणी म्हणालं की पुरावा म्हणून हमखास याच देशाचं नाव पुढे येतं. माझ्या मते हा दावा अर्धा खरा आहे. आणि उरलेल्या अर्ध्याकडे कानाडोळा केला, तर त्याची किंमत गरीब मुलंच मोजतात.

योजना काय आहे?

होसे आन्तोनिओ आब्रेउ हे अर्थतज्ज्ञ आणि संगीतकार. १९७५ मध्ये काराकासच्या एका पार्किंगच्या जागेत त्यांनी पहिली तालीम घेतली, तेव्हा ११ जण आले होते. पुढे त्यातूनच 'एल सिस्तेमा' उभी राहिली. शाळा सुटल्यावर मुलांनी जवळच्या केंद्रात यायचं, वाद्य आणि शिकवणी मोफत. वर्षानुवर्षं एकट्याने सराव करून मग कधीतरी मंचावर, असा प्रकार इथे नाही. मूल सुरुवातीपासूनच ऑर्केस्ट्रात बसतं आणि थोडं येऊ लागलं की धाकट्यांना शिकवतं. आपण कुणीच नाही, ही भावना गरिबीत सर्वांत जास्त बोचते, असं आब्रेउ सांगत.

त्यांची खरी हुशारी मात्र पैशांच्या बाबतीत दिसली. त्यांनी ही योजना 'कला' म्हणून न मांडता समाजकल्याण म्हणून सरकारच्या गळी उतरवली. उजवे आले, डावे आले, निधी चालू राहिला. २००७ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने १५ कोटी डॉलरचं कर्जही मंजूर केलं.

त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या मुलांनी राष्ट्रध्वजाच्या रंगांची जॅकेट्स घालून जो धुमाकूळ घातला, त्याचे व्हिडीओ आजही फिरतात. त्या दिवशीचा कंडक्टर गुस्ताव्हो दुदामेल २००९ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा संगीत दिग्दर्शक झाला. (१९६२ ते १९७८ या काळात त्याच खुर्चीवर आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता होते.) मग लॉस एंजेलिस, पोर्तुगाल, स्कॉटलंड असं करत ही कल्पना जगभर गेली.

आकडे काय सांगतात?

कर्ज देणाऱ्या बँकेनेच पुढे अभ्यास करवला, हे बरं झालं. २०१२-१३ मध्ये १६ केंद्रांवरच्या ६ ते १४ वयोगटातल्या २,९१४ मुलांचे दोन गट केले गेले. एका गटाला लगेच प्रवेश, दुसऱ्याला उशिरा. कोण कुठल्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला असा प्रयोग दिसला की जीव भांड्यात पडतो, कारण 'माझ्या मुलाला फायदा झाला' या ऐकीव गोष्टींपलीकडे काहीतरी हाती लागतं.

हाती काय लागलं? मोजलेल्या २६ गोष्टींपैकी सर्व मुलांचा एकत्रित विचार करता फक्त दोनमध्ये फरक दिसला. स्वतःवरचा ताबा थोडा वाढला, वागण्यातल्या तक्रारी थोड्या कमी झाल्या. बुद्धीच्या किंवा इतरांशी मिळून-मिसळून वागण्याच्या चाचण्यांत ठोस काही नाही. दोन्ही गटांत साधारण एका सत्राचंच अंतर होतं, हे लक्षात घेतलं तरी 'संगीताने मुलं हुशार होतात' या फॉरवर्ड्सना इथे आधार मिळत नाही.

पण आतले आकडे जास्त बोलके आहेत. ज्यांच्या आईचं शिक्षण कमी होतं, त्यांच्यात परिणाम जास्त दिसला. आजूबाजूला हिंसा पाहिलेल्या मुलग्यांमध्येही तसंच. म्हणजे ज्यांच्यासाठी योजना काढली, त्यांना ती खरंच लागू पडत होती. मात्र नाव नोंदवलेल्यांपैकी गरीब घरांतली मुलं होती १६.७ टक्के आणि त्या राज्यांमधलं गरिबीचं प्रमाण होतं ४६.५ टक्के.

इथे मला राग येतो. दार सगळ्यांना उघडं होतं, फी नव्हती. तरीही दुपारी मुलाला केंद्रावर सोडायला कुणीतरी मोकळं लागतं, बसचं भाडं लागतं, अशी योजना आहे हे आधी कळावं लागतं. झोपडपट्टीतल्या मुलांचे फोटो दाखवून जगभरातून टाळ्या आणि पैसा मिळवायचा आणि बाकं मात्र बऱ्या परिस्थितीतल्या मुलांनी भरायची, याला यश कसं म्हणायचं?

स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगमधल्या राप्लॉक वस्तीत २००८ पासून 'बिग नॉइज' हा उपक्रम चालतो. तिथे वाद्य थेट वस्तीच्या शाळेत आणि बालवाडीत जातं, त्यामुळे कुणी नाव नोंदवायला येण्याची वाट पाहावी लागत नाही. नक्कल करायचीच असेल, तर याची करावी.

सरकारी पैशाबरोबर काय येतं?

२०१७ मध्ये व्हेनेझुएलात सरकारविरोधी आंदोलन पेटलं. मे महिन्यात काराकासच्या रस्त्यावर याच योजनेत घडलेला १८ वर्षांचा व्हायोला वादक मारला गेला. तोवर राजकारणावर बोलणं टाळणाऱ्या दुदामेलने जाहीरपणे सरकारला दडपशाही थांबवायला सांगितलं. ऑगस्टमध्ये त्याच्या राष्ट्रीय युवा ऑर्केस्ट्राचा अमेरिका दौरा सरकारने रद्द केला. निधी वाचवण्यासाठी चार दशकं पाळलेलं मौन मोडलं, त्याचं हे बिल होतं. २०२१ चा तो विक्रम लष्करी अकादमीत का झाला, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

गेल्या दशकभरात ७० लाखांहून अधिक लोक व्हेनेझुएला सोडून गेले. त्यांत वादकही होते. ब्यूनोस आयर्समध्ये अशाच स्थलांतरितांनी 'लॅटिन व्हॉक्स मशीन' हा ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यातले काही जण त्याआधी तिथल्या मेट्रोत वाजवून पोट भरत होते.