नकाशावरील तारा आणि मक्तेदारी

नकाशा हे भूगोलाचे साधन मानले जाते. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तो कधी कधी ताळेबंदाइतकाच बोलका वाटतो. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या दूरध्वनीचा प्रारंभीचा नकाशा असाच आहे.

दूरच्या तारा टाकण्यासाठी बेल कंपनीने १८८५ साली ‘अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ’ ही उपकंपनी स्थापन केली. १८९२ मध्ये न्यूयॉर्क-शिकागो मार्ग खुला झाला, १९११ मध्ये तारा डेन्व्हरला पोचल्या, आणि २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोशी संभाषण झाले. पहिल्या तीन मिनिटांचा दर होता २० डॉलर ७० सेंट! फोर्डच्या कारखान्यातील पाच डॉलर रोज तेव्हा जगभर चर्चेचा विषय झाला होता. म्हणजे तीन मिनिटांना चार दिवसांची मजुरी. नकाशावरील रेघा व्यापारी शहरांना जोडीत गेल्या, हे त्यामुळे ओघानेच आले.

परंतु खरी मेख निराळीच होती. बेलचे मूळ एकस्व १८९३-९४ मध्ये संपताच गावोगावी स्वतंत्र कंपन्या निघाल्या. शेतकऱ्यांनी वर्गणी काढून तारा ओढल्या. काहींनी तर कुंपणाच्या काटेरी तारेतूनच संभाषण साधले. काही वर्षांतच देशातील जवळजवळ निम्मे दूरध्वनी बेलच्या कक्षेबाहेरचे होते. तथापि बेल कंपनी या प्रतिस्पर्ध्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारांशी सहसा जोडून घेत नसे. शेजाऱ्याशी बोलू शकणाऱ्या शेतकऱ्याला शिकागोच्या धान्यबाजाराचा भाव मात्र विचारता येत नसे, मग कंपनीची तार त्याच्या बांधावरून का गेलेली असेना!

भिन्न दर्जाची यंत्रे जोडल्यास आवाज बिघडतो, हा कंपनीचा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु दर्जाची अट घालणे वेगळे आणि दारच बंद करणे वेगळे. अखेर मक्तेदारीविरोधी कारवाईच्या दडपणाखाली कंपनीने डिसेंबर १९१३ मध्ये स्वतंत्र कंपन्यांना जोडणी देण्याचे मान्य केले.

महामार्गाचा मालक बाजारपेठेतही स्पर्धक असेल, तर जोडणी त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, हाच या इतिहासाचा धडा. भारतातही १९९७ च्या कायद्याने परस्परजोडणीची जबाबदारी दूरसंचार नियामकाकडे सोपविली, ती याच न्यायाने. जाळे किती मैल पसरले एवढेच नकाशावरून मोजून भागत नाही. त्यात शिरण्याची वाट कोणाला मोकळी आहे, हेही विचारलेच पाहिजे.