खर्च कोणाच्या माथी?

कामगार खटल्यांच्या पुष्कळ निकालांचा शेवट एकाच ओळीने होतो : ‘खर्चाबद्दल हुकूम नाही.’ म्हणजे ज्याचा खर्च त्याने सोसावा. वरवर हा इन्साफ वाटतो. पण ज्याने खटला मुद्दाम रखडवला तो यात सुखरूप सुटतो, हे आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी ओळखले पाहिजे.

समजा, 12 मागांच्या कारखान्यातून एका कारागिराला काढले. त्याने दाद मागितली. मालक तारखेला येत नाही, हजेरीपुस्तक आणत नाही, नुसती मुदत मागतो. कारागिराची मात्र प्रत्येक तारखेला दिवसाची मजुरी बुडते. उलटही घडते. खोटा दावा येतो आणि लहान दुकानदाराला गिऱ्हाईक सोडून कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

कायद्यात उपाय नाही असे नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 11(7) ने खर्च कोणी, कोणाला आणि किती द्यावा हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार दिला होता. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून 2020 ची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिनेही खर्चाचा अधिकार न्यायाधिकरणाकडेच ठेवला आहे. अधिकार आहे, वापर तुटपुंजा आहे.

मग हरणाऱ्यानेच सगळा खर्च द्यावा का? मुळीच नाही. तसे झाले तर गरीब कामगार दारातही येणार नाही. ब्रिटनमध्ये 2013 साली कामगार दाव्यांना फी लावली गेली. अन्यायाने काढल्याच्या दाव्याला सुनावणीपर्यंत 1,200 पौंड. दाव्यांची संख्या एकदम घसरली. अखेर 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदा ठरवली.

त्याच देशाचा दुसरा नियम मात्र घेण्याजोगा आहे. तिथेही सहसा ज्याचा खर्च त्यानेच करायचा. पण जो छळण्यासाठी किंवा अवाजवी रीतीने खटला चालवतो त्याच्यावर खर्च बसू शकतो. एवढेच नव्हे, पैसे घेऊन काम करणाऱ्या वकिलाने वा सल्लागाराने हलगर्जीपणा केला, तर वाया गेलेला खर्च त्याच्या खिशातून वसूल होऊ शकतो. मोफत मदत करणाऱ्याला हा नियम लागू नाही. आपल्याकडेही मालक आणि कामगार समेटाला तयार असताना मधला माणूसच तारखा वाढवत असेल, तर त्याचा भुर्दंड त्या दोघांनी का भरावा? आपल्या नियमांतही अशी स्पष्ट तरतूद हवी.

तोवर एवढे तरी करावे. हजेरी आणि पगाराची नोंद चोख ठेवावी. फुकट गेलेल्या प्रत्येक तारखेचा खर्च लिहून ठेवावा. समोरच्याने विनाकारण मुदत मागितली, तर खर्चाची मागणी त्याच दिवशी लेखी करावी. आणि चूक आपली असेल, तर पहिल्याच तारखेला समेट करावा. त्याहून स्वस्त सौदा नाही.