सुटलेल्या माणसाचा प्रवेश

गेल्या काही महिन्यांत वाचायला म्हणून आमच्याकडे आलेल्या संहितांमध्ये खुनाच्या गोष्टींचा सुकाळ आहे. एकांकिका आहेत, लघुपट आहेत, वेब-मालिकांचे पहिले भाग आहेत. पहिल्या पानावर ‘सत्य घटनेवर आधारित’ ही ओळ, दुसऱ्यावर पाऊस आणि प्रेत, तिसऱ्यावर बायकोशी न पटणारा, सिगारेटवर सिगारेट ओढणारा इन्स्पेक्टर. तिथून पुढे खुनी किती क्रूर आणि साहेब किती हुशार, याची चढाओढ. घटना खरी असेलही, तपास मात्र कुठल्यातरी मालिकेतून उचललेला असतो.

अशा लेखक-दिग्दर्शकांनी ‘सिटिझन एक्स’ हा १९९५ सालचा चित्रपट जरूर बघावा. एचबीओने दूरचित्रवाणीसाठी केलेला, लेखन-दिग्दर्शन ख्रिस गेरोल्मो यांचं. विषय आंद्रेई चिकातिलो. सोव्हिएत काळात रोस्तोव आणि आसपासच्या मुलखात १९७८ ते १९९० या काळात बायका आणि मुलांचे खून करणारा हा माणूस. न्यायालयाने ५२ खुनांत त्याला दोषी ठरवलं. एवढा विषय हाताशी असून चित्रपटात हिंसा फार थोडी आहे. संयम, संयम म्हणून त्याची वाखाणणी होते, आणि ती रास्तच आहे. पण संयमाचा धडा घ्यायला आपल्याला रोस्तोवला जायचं कारण नाही. करमाळ्याच्या मातीत चित्रित झालेल्या ‘सैराट’चा शेवट आठवा. वार दिसत नाहीत, किंकाळी ऐकू येत नाही; दिसतात त्या लेकराच्या पावलांच्या खुणा. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी ते २०१६ मध्ये करून दाखवलं आहे.

‘सिटिझन एक्स’कडून शिकायचं ते वेगळंच. त्यात सगळ्यात हादरवणारा भाग खुनाचा नाही, सुटकेचा आहे.

१९८४ च्या सप्टेंबरात रोस्तोवच्या बाजारात साध्या वेशातल्या पोलिसांनी चिकातिलोला पकडलं. त्याआधी बस स्थानकावर तो पोरीबायकांच्या मागे मागे फिरत होता. बॅगेत सुरी, दोर आणि व्हॅसलीनची डबी. आणखी काय हवं? पण त्याचा रक्तगट निघाला ‘ए’, आणि मृतदेहांवर सापडलेल्या वीर्यावरून प्रयोगशाळेने खुन्याचा गट ठरवला होता ‘एबी’. आज ती प्रयोगशाळेची चूक मानली जाते. तेव्हा तो शास्त्राचा निर्वाळा होता. जुन्या नोकरीतल्या एका किरकोळ चोरीपायी त्याला शिक्षा झाली, डिसेंबरात तो बाहेर आला आणि पुढे सहा वर्षं मोकळा राहिला. कागदोपत्री सगळं बिनचूक होतं.

हा प्रसंग आपल्याकडच्या लेखकाच्या हाती पडला असता तर एक लाचखाऊ अधिकारी आला असता, एक आमदार आला असता, टेबलाखालून पाकीट सरकलं असतं. गेरोल्मो तसं करत नाहीत. त्यांच्याकडे एक लांबलचक टेबल आहे आणि त्याभोवती बसलेली समिती आहे. असले खून पाश्चात्त्य समाजात होतात, आपल्याकडे होत नाहीत, असं ठामपणे मानणारा पक्षाचा माणूस त्या टेबलाशी आहे. तपास करणारा बुराकोव माणसं मागतो, संगणक मागतो, वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्या म्हणतो, आणि प्रत्येक मागणी सभ्य आवाजात फेटाळली जाते. वर्षं जातात. सरकारी कचेरीत एकदा तरी हेलपाटे घातलेल्या माणसाला हे टेबल ओळखीचं वाटेल.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. साठच्या दशकात मुंबईत खून करत फिरलेल्या रामन राघवचं नाव घेतलं की आपल्याकडे अजून जुनी माणसं सांगतात, मुंबईत लोक रात्री कसे जागून गस्त घालायचे. त्याच्यावर श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये रघुवीर यादवना घेऊन छोटा चित्रपट केला. अनुराग कश्यप यांचा २०१६ चा चित्रपट त्याचं फक्त नाव घेऊन दुसरीकडे निघून जातो. पण या प्रकरणातही एक सुटका आहे. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत झोपडीत, फुटपाथवर निजलेल्या माणसांवर हल्ले झाले तेव्हा त्या भागात घुटमळणारा हा बेघर माणूस पोलिसांच्या हाती लागला होता. दरोड्यात पाच वर्षं शिक्षा भोगलेला, म्हणजे दप्तरी नोंद असलेला. खुनाचा पुरावा नव्हता, सोडून दिलं. १९६८ मध्ये पुन्हा डोकी ठेचली जाऊ लागली. गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी तपास हाती घेतला, आणि २७ ऑगस्टला उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी रस्त्यात एका माणसाला थांबवलं.

हा प्रवेश जसाच्या तसा लिहावा, वर मीठमसाला नको. माणसाच्या हातात ओली छत्री. त्या भागात तर पाऊस पडलेला नाही. कुठून आलास? मालाडहून. झडती घेतली तर चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड, आणि आकडे लिहिलेले दोन कागद. शस्त्र एकही नाही. नाव सांगितलं सिंधी दलवाई. ठशांनी खरं नाव सांगितलं. कोठडीत बरेच दिवस तो तोंड उघडेना. शेवटी कोंबडीचं जेवण, केसांना तेल, कंगवा, आरसा अशा मागण्या पुरवल्यावर बोलता झाला. या यादीतला लसूण कुठल्याही लेखकाला सुचला नसता. आणि फियाल्होंनी त्याला थांबवलं, ते चेहरा ओळखून. म्हणजे आधीच्या वेळी ज्याला सोडलं, त्याच्याच दप्तरातल्या नोंदींनी पुढे त्याला धरून दिलं. सुटकेचा प्रवेश गाळला तर अटकेचा प्रवेश नुसता योगायोग उरतो.

दुसरी गाळली जाणारी गोष्ट म्हणजे खरा माणूस मोकळा असताना त्याच्या जागी कोण आत होतं. चिकातिलोने १९७८ मध्ये शाख्ती गावात नऊ वर्षांच्या मुलीचा खून केला, त्याबद्दल अलेक्सांद्र क्रावचेंको नावाच्या भलत्याच माणसाला १९८३ मध्ये गोळी घातली गेली. त्याची आधीची शिक्षा त्याला भोवली. मतिमंद पोरांनी पोलिसांना हवे तसे कबुलीजबाब दिले, आणि ती आत असतानाही बाहेर खून होत राहिले. समलिंगी पुरुषांची धरपकड झाली; हा भाग चित्रपटात आहे.

सोलापूरच्या लेखकाला हे परकं वाटायला नको. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. आतल्या माणसाने गिरणीत राबायचं आणि हजेरी द्यायची. जन्मच गुन्ह्याचा पुरावा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, वस्तीचं नाव मात्र अजून ‘सेटलमेंट’च आहे, रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं तरी कळतं. आपल्या संहितांमध्ये संशयितांची पहिली धरपकड होते तेव्हा ती कुठल्या वस्तीत होते, एवढं एकदा तपासून बघा. बहुतेक वेळा लेखकही ठाण्यातल्या जुन्या सवयीनेच जीप त्या बाजूला वळवतो. आणि ज्या हुतात्मा स्मृती मंदिरात आपल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या होतात, त्याच्या नावातले चौघे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले ते पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली. घाईतल्या सरकारला कुणीतरी हवं असतं, हे या गावाला निराळं सांगायला लागत नाही.

मराठीत या वाटेवर बऱ्यापैकी चाललेली मालिका म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आलेली ‘मानवत मर्डर्स’. दिग्दर्शक आशिष बेंडे. रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते ७४ या काळात गुप्तधनाच्या आणि अपत्याच्या आशेपायी मुली-बायकांचे बळी गेले, त्याची ही गोष्ट. गोवारीकरांचा कुलकर्णी शांत आहे, ऐकून घेतो, आणि ते आम्हाला आवडलं. तरी ज्यांना हा विषय पुन्हा हाताळायचा असेल त्यांनी १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आधी मिळवून वाचावा. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती विसंबायचं, दंडाधिकाऱ्याने कबुलीजबाब नोंदवताना काय पाळायला हवं होतं, याचा त्यात बारकाईने काथ्याकूट आहे. कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांवर आरोप होता त्यांची निर्दोष सुटका तिथे कायम राहिली. प्रेक्षकाला हा शेवट रुचणार नाही. तरीही तो ठेवावा, असं आमचं मत आहे. न ठेवता ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणायचं असेल तर निदान पात्रांची नावं बदलावीत.

राहता राहिला भूमिकांचा प्रश्न. तालमीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक नटाला खुनी करायचा असतो. डोळे रोखायला मिळतात, शेवटी ओरडायला मिळतं. ‘सिटिझन एक्स’मध्ये जेफ्री डेमन यांचा चिकातिलो बहुतेक वेळ नुसता ओशाळलेला, पोचे आलेली बॅग धरून फलाटावर उभा असलेला माणूस आहे. मनोविकारतज्ज्ञ झालेले मॅक्स फॉन सिडो समोर बसून त्याच्याच मनाचं वर्णन त्याला वाचून दाखवतात आणि तो ढासळतो. त्या प्रवेशातही आवाज कुणाचाच चढत नाही. एमी पारितोषिक मिळालं ते डोनाल्ड सदरलँडना, बुराकोवचा वरिष्ठ फेतिसोव याच्या भूमिकेसाठी. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना सांभाळून घेणाऱ्या, आधी कुचकट आणि मग हळूहळू पाठीशी उभ्या राहणाऱ्या साहेबासाठी. तेव्हा संशयिताला सोडताना वहीत नोंद करणारा, त्याच्या वस्तू मोजून परत देणारा आणि ‘इथे सही कर’ म्हणणारा ठाणे अंमलदार तुमच्या संहितेत असेल, तर तो संघातल्या नवख्या पोराच्या गळ्यात मारू नका. त्याला दोन पानं द्या, आणि तुमच्याकडचा सर्वांत जुना नट त्या खुर्चीवर बसवा.