शिक्षणाचें जुनें ऋण

मनुष्य जन्मास येतो तो देव, ऋषि आणि पितर यांचीं तीन ऋणें शिरावर घेऊनच येतो, असें आपलें शास्त्र सांगतें. त्यांपैकीं ऋषिऋण अध्ययनानें फिटतें. परंतु काळाची गति अशी विचित्र कीं, ज्या अध्ययनानें एक ऋण फिटावयाचें तें अध्ययनच आतां पुष्कळ घरांत चौथें ऋण काढून करावें लागतें. हें चौथें ऋण बँकेचें. येथील सावकार ओटीवर धरणें धरून बसत नाहीं. पण त्याच्या वहींतील नोंद सहजासहजीं पुसली जात नाहीं, आणि आपण नवें कर्ज मागावयास गेलों कीं, कोणत्याहि बँकेस ती वाचावयास मिळते. या जुन्या नोंदींविषयीं यावेळीं चार शब्द लिहावयाचे योजिलें आहे. कारण चांगल्या सुशिक्षित घरांतूनहि या विषयावर मौन पाळलें जातें, आणि तें मौन कित्येकदां मूळ कर्जापेक्षां महाग पडतें.

आमच्या श्रीवर्धनांतील एका घरची हकीकत नांव न सांगतां देतों. नारळ-सुपारीची वाडी, दोघे भाऊ एकत्र. थोरल्या भावाचा मुलगा 2013 सालीं पुण्यास अभियांत्रिकी शिकावयास गेला, तेव्हां 3,80,000 रुपयांचें शिक्षणकर्ज काढलें. वडील सहकर्जदार झाले. शिक्षण 2017 सालीं संपलें, वर्षभराची सवलत मिळाली, आणि 2018 पासून हप्ते सुरू झाले. मुलाचा पगार तुटपुंजा. कमी पडेल तें वडील सुपारीच्या उत्पन्नांतून भरीत. पुढें 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें आणि आमच्या किनाऱ्यावरील वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचें नवें रोप फळावर येण्यास कित्येक वर्षें लागतात. त्याच वर्षीं मुलाची नोकरीहि गेली. हप्ते थांबले. बँकेचीं पत्रें येत, तीं वडील फडताळांत ठेवून देत. मुलास वडिलांपुढें विषय काढण्याची लाज, वडिलांस भावापुढें! मुलास पुन्हां नोकरी लागली, तरी कोणी त्या गोष्टीस हात घातला नाहीं. कालांतरानें पत्रेंहि बंद झालीं, आणि बँकेनें कर्ज सोडून दिलें अशी सर्वांनीं मनाची समजूत करून घेतली.

2025 सालीं धाकट्या मुलीस फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला. तिच्या कर्जासाठीं वडील बँकेंत गेले. अधिकाऱ्यानें संगणकाच्या पडद्याकडे पाहून सांगितलें, “काका, तुमचें सिबिल खराब आहे.” ज्या मुलीनें आयुष्यांत एक रुपया कोणाकडून उसना घेतला नाहीं, तिच्या वाटेंत भावाचें कर्ज आडवें आलें.

हें सिबिल म्हणजे काय, तें प्रथम समजून घेऊं. ऋणकोंची माहिती एकत्र ठेवणारी ही कंपनी 2000 सालीं स्थापन झाली; 2005 सालीं अशा कंपन्यांसाठीं संसदेनें स्वतंत्र कायदा केला. आज रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीं ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या हें काम करितात. परंतु वनस्पति तुपास जसें सरसकट डालडा म्हणत, तसें लोक सर्वांसच सिबिल म्हणतात. कोणी किती कर्ज घेतलें, हप्ते वेळेवर भरले कीं नाहीं, याची माहिती बँका त्यांस पुरवितात. त्यावरून प्रत्येकाचा पतअहवाल तयार होतो आणि 300 ते 900 यांमधील एक गुणांक ठरतो. शिक्षणकर्जांत आई किंवा वडील बहुधा सहकर्जदार असतात. त्यामुळें थकबाकी मुलाच्या अहवालांत दिसते तशीच त्यांच्याहि अहवालांत दिसते. बापाचें कर्ज मुलानें फेडावें हा धर्मशास्त्राचा जुना दंडक. येथें गंगा उलटी वाहते.

जुन्या थकबाकीविषयीं तीन गैरसमज विशेष रूढ आहेत. पहिला असा कीं, बँकेनें कर्ज निर्लेखित केलें, म्हणजे तें माफ झालें. निर्लेखन ही बँकेच्या स्वतःच्या हिशोबाची व्यवस्था आहे. बुडीत रक्कम तिनें आपल्या ताळेबंदांतून काढली, तरी ऋणकोची जबाबदारी तशीच राहते, आणि अहवालांत ‘निर्लेखित’ हा शेरा उमटतो. वाईट शेऱ्यांमध्यें याची गणना वरच्या क्रमांकाची आहे.

दुसरा गैरसमज मुदतीचा. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें अशा कर्जाचा दावा साधारणतः तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो, हें खरें. परंतु मुदत टळल्यानें दाव्याचा मार्ग बंद होतो, ऋण नाहींसें होत नाहीं, आणि अहवालांतील शेराहि जात नाहीं. शिवाय मुदतीच्या आंत लेखी कबुली दिली किंवा कांहीं रक्कम भरली, तर मुदत नव्यानें मोजली जाते. मुदत टळल्यावरहि सहीनिशीं दिलेलें फेडीचें वचन कायद्यानें बंधनकारक ठरतें. तेव्हां बँकेच्या किंवा वसुली करणाऱ्याच्या कागदावर सही करण्यापूर्वीं वकिलाचा सल्ला घ्यावा. जुन्या मंडळींस दामदुपटीचा नियम आठवेल. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करूं नये, असा तो न्याय. बँकेच्या कर्जास त्याचा आधार मिळेल, अशी आशा कोणी धरूं नये.

तिसरा गैरसमज असा कीं, सात वर्षांनीं नोंद आपोआप पुसली जाते. माहिती किमान सात वर्षें जपून ठेवावी, असा नियम आहे. यांतील ‘किमान’ हा शब्द लोक विसरतात.

आतां उपाय. सर्वांत आधीं अहवाल मागवावा. 2017 पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीनें मागेल त्यास वर्षांतून एकदां पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मुलाचा अहवाल वेगळा आणि सहकर्जदार वडिलांचा किंवा आईचा वेगळा, असे सर्व मागवावे. मग शांतपणें बसून, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या व खातेउतारा शेजारीं ठेवून, रकाना रकाना ताडून पाहावा. कर्ज आपलेंच आहे ना? रक्कम बरोबर आहे ना? फेडलेलें खातें अजून चालू दिसतें काय? वर सांगितलेल्या घरीं असें आढळलें कीं, कर्ज देणारी बँक मध्यंतरीं दुसऱ्या बँकेंत विलीन झाल्यामुळें तेंच कर्ज दोन नांवांनीं दोनदां नोंदलें गेलें होतें. ज्या बापास एका थकबाकीची लाज वाटत होती, त्याच्या नांवावर दोन थकबाक्या उभ्या होत्या, आणि त्याचा त्यास पत्ताहि नव्हता!

अशी चूक आढळल्यास पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदवावी; बँकेसहि लेखी कळवावें. बँकेनें दुजोरा दिल्यावांचून कंपनी नोंद बदलीत नाहीं. या कामास 30 दिवसांची मुदत आहे. 2024 पासून अंमलांत आलेल्या नियमाप्रमाणें मुदतींत तक्रार मिटली नाहीं, तर पुढील प्रत्येक दिवसास 100 रुपये भरपाई तक्रारदारास मिळावयाची असते. एवढ्यानेंहि दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करितां येते.

परंतु नोंद खरी असेल, तर तक्रारीनें ती जाणार नाहीं. मग एकच सरळ मार्ग उरतो: बँकेंत जाऊन बोलणें. पूर्ण रक्कम भरणें आणि तडजोड करणें यांतील भेद येथें नीट ध्यानांत घ्यावा. बँकेनें कांहीं रक्कम सोडून देऊन खातें मिटविलें, तर अहवालांत ‘तडजोडीनें मिटविलें’ अशा अर्थाचा शेरा येतो, आणि पुढील सावकार तो वाचून सावध होतो. पूर्ण फेड झाल्यास ‘बंद’ असा शेरा मिळतो. जुन्या दिरंगाईचा इतिहास तेवढ्यानें लगेच नाहींसा होत नाहीं. पण येणें शून्य दिसतें, आणि तेथून पत सुधारूं लागते. ज्यास पूर्ण फेड झेपत नाहीं, त्यानें तडजोडीस नाक मुरडूं नये. लोकअदालतींतहि अशीं प्रकरणें मिटतात; तेथील निवाड्यावर अपील नसतें, म्हणून आंकडा नीट समजून घेऊनच मान्य करावा. कोणत्याहि मार्गानें खातें मिटलें, तरी बँकेचा बेबाकी दाखला घ्यावा, आणि दोनएक महिन्यांनीं अहवाल पुन्हां पाहावा.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहावें. “पैसे द्या, सिबिल साफ करून देतों,” असें सांगणारे लोक आजकाल पुष्कळ झाले आहेत. खरी नोंद पुसण्याचा अधिकार यांस नाहीं. खोटी नोंद दुरुस्त करण्यास यांची गरज नाहीं.

न्यायालयांचें धोरण काय, असें कोणी विचारील. 2023 सालीं केरळ उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, गुणांक कमी आहे एवढ्याच कारणावरून विद्यार्थ्यास शिक्षणकर्ज नाकारूं नये. त्या विद्यार्थ्याच्या जुन्या कर्जांपैकीं एक थकलेलें आणि एक निर्लेखित होतें. उलट 2025 सालीं मद्रास उच्च न्यायालयानें, पूर्वींच्या थकबाक्यांमुळें एका उमेदवाराची बँकेंतील नेमणूक रद्द झाली ती योग्य ठरविली. म्हणजे या नोंदीचा संबंध केवळ पुढील कर्जाशीं नसून, कधीं कधीं पोटाच्या भाकरीशींहि येतो.

त्या घरीं पुढें काय झालें, तेंहि सांगतों. दोन्ही भाऊ, पुण्याचा मुलगा आणि घरांतील स्त्रिया एका दुपारीं ओटीवर बसल्या आणि फडताळांतील पत्रें प्रथमच सर्वांसमोर उघडलीं गेलीं. दुहेरी नोंद महिन्याभरांत निघाली. खऱ्या कर्जाची रक्कम तिघांनीं मिळून तीन वेळां भरली. त्यांत मोठा वांटा मुलाचाच होता. पण यास वेळ लागला. मुलीच्या पहिल्या वर्षाची फी आईच्या पाटल्या मोडून भरावी लागली. दुसऱ्या वर्षासाठीं मात्र बँकेनें कर्ज मंजूर केलें. हीच बैठक पांच वर्षें आधीं भरली असती, तर पाटल्या हातांत राहिल्या असत्या.

कर्जाची लाज बाळगून तें लपविणाऱ्यांनीं एक गोष्ट आठवावी. श्रीवर्धन हें पेशव्यांच्या भट घराण्याचें मूळ गांव. थोरले बाजीराव मोहिमांच्या खर्चानें कर्जबाजारी झाले होते. सावकारांच्या तगाद्याचें दुःख त्यांनीं ब्रह्मेंद्रस्वामींस पत्रांतून मोकळेपणानें कळविलें. एवढ्या पराक्रमी पुरुषास जें सांगण्यांत कमीपणा वाटला नाहीं, तें आपल्या मुलास आपल्याजवळ सांगतां येऊं नये, असें घराचें वातावरण कां असावें? मुलानें हप्ते चुकविले असें कळलें कीं, पहिला शब्द रागाचा न काढतां “किती राहिले, आणि पत्रें कोठें आहेत?” एवढेंच विचारावें. एकत्र कुटुंबांत जेवणाचीं पानें जशीं एका पंक्तींत मांडतों, तसे वर्षांतून एकदां सर्वांचे पतअहवालहि एकत्र मांडून पाहावे. धाकट्यांच्या शिक्षणाचा प्रश्न येण्यापूर्वीं तें झालेलें बरें.