‘अंग’ या शब्दाआड

मराठीत बाईचे बाळंतपण ‘सुटका’ होऊन संपते. ‘सुखरूप सुटली’ म्हटले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि कथाकारही बहुधा पाळण्याकडे वळतो. मागे राहिलेल्या देहाची वार्ता मग ‘अंग’ या एका शब्दावर भागवली जाते. बाळाला अंगावर पाजायचे, पांढरे जाते ते अंगावरून, गर्भाशय खाली उतरले तर ‘अंग बाहेर येते’. आणि हे सारे निमूट सोसणे म्हणजे ‘अंगावर काढणे’. राणी व अभय बंग यांच्या गडचिरोलीतील दोन गावांच्या अभ्यासात (१९८९) ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के.

आमचा आक्षेप सोज्ज्वळपणाला नाही. ‘अंग बाहेर येणे’ हा प्रयोग नेमका आहे. उणीव आहे ती त्याआधीच्या पायरीला नाव नसण्याची. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते; मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर तोललेले. बाळंतपणात ती ताणते, क्वचित फाटते. मग खोकताना, शिंकताना, अगदी मनमोकळे हसतानाही लघवी सुटते. शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, पोटपट्टा या सर्वांना नावे आहेत. या झोळीला घरगुती नाव आम्हांस आढळले नाही. पाठ्यपुस्तकातले ‘श्रोणितल’ माजघरात कोण उच्चारणार?

आणि इथे तर शब्द हाच उपचाराचा अर्धा भाग. आर्नल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली मांडलेला व्यायाम बाहेरून दिसत नाही. तो सांगूनच शिकवावा लागतो. वारा आणि लघवी एकदम रोखल्यासारखे आत, वर ओढावे. श्वास कोंडू नये, मांड्या आवळू नयेत. मग तितकाच वेळ सैल सोडावे. एका वेळी निदान ८ वेळा, दिवसातून तीनदा, किमान ३ महिने. सांगण्यात चूक झाली तर बाई वर ओढण्याऐवजी खाली जोर करते, आणि ते घातकच. अंग फार उतरले असेल तर आधाराची कडी किंवा शस्त्रक्रिया. गर्भाशय राखून त्याला आधार देणारी एक शस्त्रक्रिया तर मुंबईच्या डॉ. शिरोडकरांच्याच नावाने ओळखली जाते.

‘स्नायूंचे आकुंचन करावे’ हे भाषांतरित वाक्य वाचून कोणाचाही स्नायू हलणार नाही. बाळंतिणीला घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर लोहाच्या गोळ्यांखाली ही चार वाक्ये बोलीत असावीत, आणि ती लिहायला डॉक्टरांशेजारी मराठीच्या प्राध्यापकांनी बसावे, असे आमचे मत आहे. झोळीला आम्ही तूर्त ‘तळझोळी’ म्हणतो. याहून बरा शब्द वाचकांनी अवश्य सुचवावा.