करार केवळ जकातीचा नव्हे

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यातील सर्वंकष आर्थिक व व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या, तेव्हा आपल्याकडील चर्चा स्कॉच व्हिस्की आणि विलायती मोटारी यांच्याभोवतीच घुटमळत राहिली. व्हिस्कीवरील १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार, ही वार्ता ज्यांना तिचे सोयरसुतक नाही त्यांनीही चवीने वाचली! बांगलादेशचे कपडे ब्रिटनमध्ये शुल्काविना उतरत असताना तिरुपूरच्या मालाने १२ टक्क्यांपर्यंत शुल्क भरायचे, ही विषमता या कराराने दूर होणार, हे स्वागतार्हच आहे. दुग्धजन्य पदार्थ आणि सफरचंदे सवलतींतून वगळली, हेही उचित झाले.

परंतु आधुनिक व्यापार करार म्हणजे जकातीचे दरपत्रक नव्हे. सेवा, सरकारी खरेदी, डिजिटल व्यापार, श्रम, पर्यावरण अशी प्रकरणे त्यात असतात. जकात सीमेवर थांबते. ही प्रकरणे थेट देशाच्या कायद्यापर्यंत पोहोचतात.

खरी मेख बौद्धिक संपदेच्या प्रकरणात आहे. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील बायर कंपनीच्या एका औषधाचा खर्च महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये भारताने सक्तीचा परवाना देऊन हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध ८,८८० रुपयांत विकण्यास मुभा दिली. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने घर विकणे आणि घर राखणे यांतले हे अंतर आहे. या करारात मात्र औषधे सुलभ करण्याचा श्रेयस्कर मार्ग म्हणून ऐच्छिक परवान्याचा पुरस्कार केला आहे. सक्तीच्या परवान्याचा आपला अधिकार अबाधित आहे, असा सरकारचा खुलासा आहे. तो मान्य, पण मग ते वाक्य लिहून दिलेच कशासाठी? उद्या एखाद्या कंपनीचा वकील न्यायालयात नेमके तेच पुढे करील.

डंकेल प्रस्तावाच्या काळी दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या स्वदेशी जागरण मंचाने पेटंटचा विषय सामान्य कार्यकर्त्यापर्यंत नेला होता. तसे वाचन आज पुन्हा हवे, आणि ते संसदेतही हवे. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार असा करार संसदेच्या कामकाजाचे २१ दिवस सभागृहांपुढे ठेवावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी मंत्रिमंडळाची संमती पुरते.