जिवाचे मोल आणि मिळकतीचा दाखला

१५ जानेवारी २०२१ रोजी दावणगेऱ्याहून गोव्यास निघालेल्या मैत्रिणींच्या टेम्पोला धारवाडनजीक इटिगट्टीपाशी टिपरची धडक बसून अनेकींचे प्राण गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांपैकी कोणी त्यांच्या मिळकतीची चौकशी केली नसेल. परंतु मोटार-अपघाताचा दावा न्यायाधिकरणापुढे दाखल झाला की पहिली चौकशी तीच होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) ह्या निर्णयांनी घालून दिलेल्या रीतीप्रमाणे मृताच्या वार्षिक मिळकतीत भावी वाढ धरून, त्याचा स्वतःचा खर्च वजा करून, बाकीस वयानुरूप गुणकाने गुणतात. तीस वर्षांच्या माणसास हा गुणक १७. एकाच मोटारीत त्याच वयाचे दोघे दगावले, एक दरमहा १५,००० मिळवणारा चालक आणि दुसरा १,५०,००० मिळवणारा अधिकारी, तर भरपाईत सुमारे दहापट अंतर पडते. प्रणय सेठी निर्णयाने दोघांसाठी सारख्या ठरवल्या त्या केवळ किरकोळ रकमा : सहवास हरपल्याचे ४०,००० आणि वारशाची हानी व अंत्यविधी ह्यांचे प्रत्येकी १५,०००.

रेल्वेचा न्याय निराळा आहे. तेथे अपघाती मृत्यूची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे, मग उतारू वातानुकूलित डब्यातला असो वा सर्वसाधारण.

मिळवत्या माणसाच्या कुटुंबाचा तोटा खरोखरच मोठा असतो आणि त्याची मुले शाळेतून काढावी लागू नयेत हे रास्तच आहे, म्हणून मिळकतीचा हिशेब मोडीत काढावा असे माझे म्हणणे नाही. माझा आक्षेप इतकाच, की पोटापाण्याच्या हानीचा हिशेब तपशिलाने होतो आणि माणूस गेल्याची हानी मात्र उपचारापुरती उरते. इटिगट्टीच्या अपघातापूर्वी दहाच दिवस, ५ जानेवारीस, कीर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमांचे मोल आग्रहाने प्रतिपादिले. परंतु तिलाही न्याय मिळाला तो काल्पनिक मिळकत चिकटवूनच.

म्हणून रेल्वेप्रमाणे रस्त्यावरील प्रत्येक मृत्यूमागेही किमान ८ लाखांची समान रक्कम कायद्याने आधी द्यावी आणि मिळकतीचा हिशेब तिच्यावर वेगळा करावा. विम्याचा हप्ता वाढेल ही हरकत खरी आहे. पण तो भार सर्व वाहनधारकांत वाटला जाईल, आज तो गरिबाच्या एकट्या घरावर पडतो. हुबळीच्या नवनगरात राज्याचे कायदा विद्यापीठ आहे आणि हुबळीतच नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय; ह्या दोन न्यायांची तुलना करण्यास येथल्या कायदेपंडितांना दूर जावयास नको.